चार बोटं मातीवरची वाट

डोंगरावर पाऊस कोसळतो आणि घटकाभरात ओढ्यानाल्यांतून खाली उतरून जातो. पाण्याचा तो स्वभावच आहे. मग डोंगराच्या ऐन माथ्यावर, जिथून पुढे चारी बाजूंना उतारच उतार आहे, तिथे तळं कसं साचून राहतं?

साताऱ्याच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर कासचं पठार आहे. पठाराच्या एका अंगाला उरमोडी नदीचं खोरं आहे, दुसऱ्या अंगाला कोयना धरणाचा शिवसागर. या दोन दऱ्यांच्या मधल्या उघड्या माथ्यावर कुमुदिनी तळं आहे. थोडं पुढे, माथ्याच्या खोलगट भागात बांध घालून केलेला कास तलाव आहे. तो एकोणिसाव्या शतकापासून साताऱ्याला पाणी पुरवत आला आहे, आणि तेही पंपाशिवाय. तलाव उंचावर, शहर पायथ्याशी, त्यामुळे पाणी आपल्याच वजनाने पाटातून खाली गेलं.

मराठवाड्यातल्या माणसाला या तळ्याचं अप्रूप जास्तच वाटावं. बीड जिल्ह्यातल्या तेलगावला पाणी म्हटलं की नजर खाली जाते: विहिरीकडे, बोअरकडे, माजलगावच्या धरणाकडे. डोंगराकडे पाणी मागायला कोणी जात नाही. तेलगावहून धारूरचा घाट चढून बालाघाटाच्या माथ्यावर गेलं, तर चैत्रात तिथे तापलेला खडक आणि वाळलेलं गवत भेटतं. कास तिथून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. पण धारूरच्या घाटातला काळा दगड आणि कासच्या माथ्याखालचा काळा दगड एकाच घराण्यातले आहेत. कासचं कोडं उलगडायला सुरुवात इथूनच करावी लागते.

एका लाव्ह्याची दोन टोकं

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राची जमीन भेगाळली आणि त्या भेगांतून लाव्हा बाहेर पडू लागला. तो एकदाच येऊन थांबला नाही. एक थर पसरायचा, थंड व्हायचा, त्यावर पुढचा थर यायचा. आजही या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. सह्याद्रीत या थरांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते आणि पूर्वेकडे ती कमी होत जाते. घाट चढताना डोंगराच्या अंगावर जे आडवे पट्टे आणि टप्पे दिसतात, ते या थरांचेच. धारूरला दिसतात तेच, आणि सह्याद्रीतल्या आंबेनळीच्या घाटातलेही तेच.

दगड एकच, पण पुढे दोन्हीकडचं नशीब बदललं ते पावसाने. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात आणि तिथेच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून अवघ्या एकोणीस किलोमीटरवरच्या पाचगणीत तो जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतो. बीड जिल्ह्यापर्यंत पोचेपर्यंत वर्षाची सरासरी सातशे मिलिमीटरच्याही आत आलेली असते.

असा धो धो पाऊस एखाद्या खडकावर लाखो वर्षं पडत राहिला तर काय होतं? पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल झालेलं असतं. ते काळ्या दगडातलं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून नेतं. हळूहळू सिलिकाही जाते. शेवटी मागे उरतात लोखंड आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडं, कारण ती पाण्याला दाद देत नाहीत. लोखंडामुळे लाल झालेला, भोकाभोकांचा हा दगड म्हणजे जांभा. कोकणात याचेच चिरे काढून घरं बांधतात. खाणीतून कापताना तो मऊ लागतो आणि उघड्यावर हवेत राहिला की घट्ट होतो.

माथ्यावरचा जांभा असा घट्ट झाला आणि त्याने खालच्या डोंगरावर छप्पर धरलं. भोवतालचा मऊ भाग पावसाने झिजून दऱ्या झाल्या आणि छपराखालचा भाग उभा राहिला. पाचगणीचं टेबललँड असंच तयार झालं आणि कासही तसंच. म्हणजे आज आपण ज्याला उंच पठार म्हणतो, ती एका फार जुन्या जमिनीची उरलेली तुकडी आहे. भोवतालची जमीन खाली गेली आणि ही तिथेच थांबली.

पाणी अडतं कुठे

जांभा सच्छिद्र असतो. पडलेला पाऊस तो पोटात घेतो आणि खाली सोडतो. पण जांभ्याच्या खाली, तो ज्या दगडापासून बनला त्या दगडाचा अर्धवट कुजलेला थर असतो. हा थर चिकणमातीचा असतो आणि पाण्याला सहज वाट देत नाही. वरून झिरपलेलं पाणी इथे येऊन अडतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीत जिथे हा सांधा उघडा पडतो तिथे झरा होऊन बाहेर येतं. पाऊस संपल्यावरही हे झरे कितीतरी दिवस वाहत राहतात. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्यांचा उगम महाबळेश्वरच्या एकाच माथ्यावर मानला जातो. त्या माथ्यावरही जांभ्याची टोपी आहे आणि तिच्या पोटातलं पाणी असंच झऱ्यांनी बाहेर येतं.

बालाघाटाच्या लोकांना याचा दाखला घराजवळच मिळेल. बालाघाटाची रांग पूर्वेकडे उतरत जाते तिकडे बीदर आहे. मराठी बोलणाऱ्या सीमाभागातलं हे शहर जांभ्याच्या पठारावर वसलं आहे. पंधराव्या शतकात बहमनी सुलतानांच्या काळात तिथे जमिनीखालून पाण्याचे बोगदे खोदले गेले. इराणात अशा बोगद्यांची परंपरा जुनी आहे. जांभ्यातून झिरपलेलं पाणी बोगद्यात गोळा व्हायचं आणि हलक्या उताराने वस्तीकडे वाहायचं. बीदरला माणसांनी अवजारांनी जे केलं, तेच काम कास-महाबळेश्वरच्या डोंगरात झरे आपसूक करत आले आहेत.

हे झालं पोटातल्या पाण्याचं. माथ्यावरच्या तळ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. जांभ्याचा सगळ्यात वरचा पापुद्रा ऊन-पावसाने इतका कडक होतो, की काही ठिकाणी पाणी त्यातून पटकन उतरत नाही. त्या पृष्ठावर जिथे परातीसारखा उथळ खोलगटपणा आहे, तिथे पावसाबरोबर बारीक गाळ येऊन बसतो, तळाची छिद्रं बुजवतो आणि पाणी साचतं. पठारावर अशी डबकी शेकडोंनी होतात. काही तळहाताएवढी असतात, काही अंगणाएवढी. कुमुदिनी तळं हा त्यांचाच मोठा भाऊ. कास तलावाला माणसाने बांध घातला, पण पाणी एकत्र येण्याची जागा डोंगरानेच करून ठेवली होती.

राजमार्गावरून कुमुदिनीकडे

कुमुदिनी तळ्याकडे जाणारी वाट राजमार्ग म्हणून ओळखली जाते. सातारा आणि महाबळेश्वर यांना डोंगरमाथ्यावरून जोडणारा हा जुना रस्ता. आज त्यावरून गाड्यांना मज्जाव आहे, चालतच जावं लागतं. चढ फारसा नाही. शाळकरी मुलं आणि आजीआजोबा सहज चालू शकतील अशी ही वाट आहे. पण ती घाईने संपवली तर निम्मं कास बघायचं राहून जाईल.

भाद्रपदात या वाटेवर पाऊल ठेवलं की आधी डोळ्यांत भरतात ते रंगांचे गालिचे. इथे निळा, तिथे पिवळा, पलीकडे गुलाबी. वरवर पाहता कोणी मूठमूठ बी उधळून दिलं असावं असं वाटतं. जरा वाकून पाहिलं की यातली शिस्त दिसते. प्रत्येक रंग मातीची जाडी सांगतो.

खडक उघडा आहे तिथे फक्त दगडफूल आणि शेवाळ. त्यांनीच दगडाचा पहिला चुरा केला आणि आपल्या कुजण्याने पहिली माती घडवली. तो चुरा जिथे बोटभर झाला आणि त्यावरून पाणी सतत पाझरतं, तिथे सीतेची आसवं फुलतात. बोटाच्या पेराएवढी निळी-जांभळी फुलं आणि हजारोंच्या संख्येने. त्यांच्यात मिसळून पांढऱ्या गुंड्यांसारखे गेंद उभे असतात. माती आणखी दोन बोटं वाढली की गुलाबी तेरडा आणि पिवळी सोनकी येते. पिवळ्या पाकळ्यांवर दोन लाल ठिपके घेऊन आलेला कवला दिसतो आणि मुलं त्याला लगेच मिकी माउस म्हणून ओळखतात. पाणी साचून दलदल झालेली असेल तिथे जांभळ्या मंजिरीचे पट्टेच्या पट्टे. माती वीतभर झाली की गवत आणि चवर. खडकाच्या भेगांत आणि पठाराच्या कडेला, जिथे मुळांना खोल जाता येतं, तिथे कारवी, आणि शेवटी जांभूळ, अंजनी, हिरड्याची ठेंगणी झाडी. कास तलावाच्या काठाला ही झाडी दाट होते, कारण दरीच्या कुशीत माती साठते आणि वाराही कमी लागतो.

पाच मिनिटांच्या चालीत माणूस उघड्या दगडापासून सदाहरित रानापर्यंत पोचतो. ज्या बदलाला एखाद्या उघड्या खडकावर हजारो वर्षं लागावीत, तो इथे जमिनीवर शेजारी शेजारी मांडून ठेवला आहे.

वाटेच्या शेवटी तळं येतं. त्याच्या पृष्ठावर हिरवी गोल पानं तरंगतात आणि पानांमधून पांढरी फुलं डोकं काढतात. पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या कातरलेल्या, मधोमध पिवळा ठिपका. हीच कुमुदिनी. कमळासारखी दिसली तरी ती कमळाच्या कुळातली नाही. एक फूल एकच दिवस टिकतं, पण रोज नवी फुलं येत राहतात, म्हणून तळं पांढरंच दिसतं.

उपाशी मातीतले शिकारी

इतक्या पावसात, इतक्या ओलाव्यात झाडांना काय कमी असेल? सगळ्यात मोठी कमतरता असते अन्नाची. ज्या पावसाने दगडातली खनिजं धुऊन नेली, तोच पाऊस दरवर्षी मातीतलं नत्रही धुऊन नेतो. थोडंफार स्फुरद असतं, त्याला लोखंड धरून बसतं. माती आम्ल, पातळ आणि उपाशी. बागायतीत खत घालून सुपीक केलेल्या जमिनीत जो मका उभा राहतो, तो इथे दोन पानांवरच खुरटून जाईल.

या मातीत नत्र मिळवायचा एक विलक्षण मार्ग काही वनस्पतींनी शोधला. त्या प्राणी खातात. कासच्या पठारावर गवताच्या पात्यांमध्ये दवबिंदू नावाची वनस्पती असते. तिच्या पानांवर लाल केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट, चमकता थेंब. ऊन चढलं, बाकी सगळं दव सुकलं तरी हे थेंब सुकत नाहीत. चिलटं त्यांना भुलून येतात आणि चिकटतात. मग आजूबाजूचे केस सावजाकडे झुकतात, पाचक रस पाझरतो आणि किड्यातलं नत्र झाडात जातं. चार्ल्स डार्विनला या कुळाने इतकं झपाटलं होतं, की १८७५ साली त्याने कीटकभक्षी वनस्पतींवर एक अख्खा ग्रंथ लिहिला.

सीतेची आसवं दिसायला दवबिंदूहून नाजूक, आणि शिकारीत तिच्याहून तरबेज. त्यांचे सापळे ओल्या मातीत आणि पाण्यात दडलेले असतात. मोहरीहून लहान अशा पिशव्या. पिशवी आपल्यातलं पाणी बाहेर टाकत राहते, त्यामुळे आत पोकळी होते आणि भिंती ताणल्या जातात. तोंडाशी एक झडप आणि झडपेवर बारीक केस. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव त्या केसांना घासला की झडप उघडते, पाण्याबरोबर तोही आत ओढला जातो आणि झडप बंद होते. एवढं सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात. पापणी लवायला याच्या शेकडो पट वेळ लागतो. तुम्ही निळ्या फुलांचा गालिचा बघत उभे असता, तेव्हा पायांशी जमिनीखाली असे लाखो सापळे ताणून तयार असतात.

हे फक्त कासपुरतं नाही. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला, ब्राझील आणि गयाना यांच्या सीमेवर रोराइमा नावाचा सपाट माथ्याचा पर्वत आहे, २८१० मीटर उंच. त्याचा दगड वेगळा, हवा वेगळी. पण माथा सपाट, पाऊस अफाट, माती धुतलेली. तिथेही कीटक खाणाऱ्या वनस्पती आहेत, आणि जगात दुसरीकडे कुठेही न सापडणाऱ्या जातीही. दोन खंडांवर सृष्टीने सारख्या अडचणीला सारखं उत्तर दिलं.

चार महिन्यांत आयुष्य

उपासमारीइतकाच मोठा दुसरा पेच वेळेचा आहे. जून ते सप्टेंबर इथे पाणीच पाणी. मार्चमध्ये याच जांभ्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. चार महिने दलदल आणि पुढचे कित्येक महिने वाळवंट, अशा जागी जगायचं कसं?

काहींनी कंदाचा आधार घेतला. डबक्यांमध्ये वायतुरा नावाची पाणवनस्पती उगवते. एका दांड्यावर दोन फाटे, त्यावर बारीक जांभळट फुलांचे तुरे. ही वनस्पती सातारा परिसरातल्या पठारांचीच रहिवासी. विज्ञानाच्या वहीत तिची नोंद झाली ती थेट १९८२ साली, आणि तिचं वर्णन करणाऱ्या तिघांमध्ये पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवलेले श्रीरंग यादव होते. डबकं आटलं की वायतुऱ्याची पानं नाहीशी होतात आणि कंद सुकलेल्या गाळात पुढच्या मृगाची वाट पाहतो. कंदीलपुष्पाचंही तसंच. त्याच्या कंदिलासारख्या फुलात माशी शिरते, आतले खाली वळलेले केस तिला बाहेर पडू देत नाहीत. काही काळाने केस कोमेजतात, पराग अंगावर घेऊन माशी सुटते आणि दुसऱ्या फुलात पुन्हा अडकते. ही माशी खाल्ली जात नाही. तिला फक्त निरोप पोचवण्यापुरतं कोंडलेलं असतं.

काहींनी बियांवर भरवसा ठेवला. सीतेच्या आसवांचं सगळं आयुष्य एका पावसाळ्यात उरकतं. टोपली कारवीने मात्र उलटा हिशेब मांडला. ती बरीच वर्षं नुसती वाढत राहते आणि मग एका वर्षी सगळ्या जाळ्या एकाच वेळी जांभळ्या होतात, बी टाकतात आणि मरून जातात.

डबक्यांच्या पाण्यातही हाच खेळ. पहिल्या पावसाने खळगे भरले की काही दिवसांत तिथे नखाएवढे, जवळजवळ पारदर्शक जीव पाठीवर पोहताना दिसतात. हे फेअरी श्रिंप, कोळंबीचे दूरचे नातेवाईक. आधीचे कित्येक महिने त्यांची अंडी तापलेल्या खळग्यात धुळीबरोबर पडून होती. पाणी आलं, अंडी उघडली. पाणी आटायच्या आत मोठं व्हायचं, जोडी जमवायची, अंडी घालायची आणि संपायचं. काम झालं नाही, तर त्या पिढीची अंडी मागे उरत नाहीत.

असल्या कठीण परीक्षेतून जे टिकले, ते इतके खास झाले की त्यांना दुसरीकडे जगताच येत नाही. या पठारावर साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद आहे आणि त्यातल्या अनेक फक्त पश्चिम घाटातल्या आहेत. १ जुलै २०१२ रोजी युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशात घेतली. त्यात महाराष्ट्रातली चार होती: कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास. पहिली तिन्ही मोठी अरण्यं. चौथं म्हणजे जवळपास झाडच नसलेला हा उघडा कातळ.

दोन थेंबांचा प्रवास

कासच्या परिसरात नवलाईला फुलांवरच थांबण्याचं कारण नाही. पठाराच्या भोवती वेण्णा, उरमोडी आणि कोयना या नद्यांची खोरी आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच सह्याद्रीतल्या प्रवाहांमध्ये शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. जेलीफिश म्हटलं की आपण समुद्र डोळ्यांसमोर आणतो. त्या काळी गोड्या पाण्यातल्या जेलीफिशचा हा प्रकार फक्त आफ्रिकेतून माहीत होता. ही बातमी ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आली. आघारकर पुढे वनस्पतिशास्त्रातले मोठे नाव झाले, १९४६ साली पुण्यात त्यांनी विज्ञानवर्धिनी संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला आणि आज ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कासचा एक कवलाही त्यांचं नाव शास्त्रीय नावात घेऊन फुलतो.

आता पावसाच्या दोन थेंबांची कल्पना करा. दोन्ही कासच्या माथ्यावर पडले, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. एक पूर्वेच्या उतारावर, दुसरा पश्चिमेच्या. पूर्वेचा थेंब कास तलावात आला, तिथून वजराईच्या धबधब्यावरून तीन टप्प्यांत कोसळला, उरमोडीतून कृष्णेत गेला आणि तिच्याबरोबर सगळं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराकडे निघाला. कृष्णा जिथे उगम पावते तिथून अरबी समुद्र अवघ्या ६४ किलोमीटरवर आहे, तरी ती उलट्या दिशेने सुमारे १४०० किलोमीटर चालते. पश्चिमेचा थेंब बामणोलीच्या बाजूने शिवसागरात उतरला. कोयना ही कृष्णेचीच उपनदी, म्हणजे त्यालाही पूर्वेलाच जायचं होतं. पण कोयना प्रकल्पाने पाण्याचा एक मोठा हिस्सा सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पोफळीच्या वीजघरापर्यंत नेला. तिथे तो जनित्रं फिरवतो, वाशिष्ठीला मिळतो आणि अरबी समुद्रात जातो. एका माथ्यावरचे शेजारी थेंब असे देशाच्या दोन किनाऱ्यांना लागतात.

पायाचं वजन

सगळं जग त्या चार बोटं मातीवर उभं आहे, हे एकदा लक्षात आलं की पठारावरची पायवाट वेगळी दिसू लागते. माती खोल असते तिथे माणसाने चार पावलं इकडेतिकडे टाकली तरी जमीन सावरते. इथे सावरायला मातीच नाही. ओल्या मातीवर बूट पडला की ती दबते, तिच्यातली हवा निघून जाते, पाण्याचा पाझर बदलतो. फोटोसाठी एक माणूस फुलांत आडवा होतो. त्याच्या मागून येणाऱ्याला तिथे ठसा दिसतो आणि तो त्यालाच वाट समजतो. हंगाम संपेपर्यंत तिथे उघडा दगड वर येतो, आणि त्या दगडावर पुन्हा माती धरायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

म्हणून आसपासच्या गावांच्या समित्या आणि वन विभाग यांनी फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा घातली, आगाऊ नोंदणी ठेवली, वाटा आखून दिल्या. पठाराला जाळीचं कुंपणही घातलं होतं. त्यावर अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनी एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. इथे पिढ्यानपिढ्या गुरं चरत आली आहेत. गुरं उंच गवत खातात, म्हणून बुटक्या फुलांना ऊन मिळतं. चराई थांबली की गवत माजतं आणि फुलं त्याखाली दबतात. माणसाचा पाय फुलांना मारक, पण गुरांचं तोंड त्यांना तारक. या जमिनीचा हिशेब इतका बारीक आहे.

शेजारच्या चाळकेवाडीच्या पठारावर या बारकाव्याचा आणखी एक पुरावा मिळाला. तिथे पवनचक्क्या आहेत, आणि गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवणारे सरडेही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिलं, की पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी झाले. भक्षक घटले म्हणून सरड्यांची संख्या वाढली, आणि त्या सरड्यांच्या अंगातली भीतीशी निगडित संप्रेरकंही कमी आढळली. आकाशात फिरणाऱ्या पात्यांनी जमिनीवरच्या सरड्याचा स्वभाव बदलला. कोल्हापूर जिल्ह्यात तर जांभ्यातल्या ॲल्युमिनियमसाठी, म्हणजे बॉक्साइटसाठी, काही माथे खाणींनी खरवडून काढले. टोपी काढली की तिच्यावरची फुलं जातात आणि तिच्या पोटातले झरेही.

पठारांना आपण कागदोपत्री पडीक जमीन म्हणत आलो. झाड नाही, पीक नाही, मग उपयोग काय, असा आपला प्रश्न असतो. पण सातारा शहराने दीडशे वर्षं ज्या उंचीवरचं पाणी प्यायलं, कृष्णेचे झरे ज्या जांभ्यातून पाझरतात, तो हाच कातळ आहे. पडीक म्हणून सोडून देण्याइतका तो स्वस्त नाही.

कासला जाणार असाल तर भाद्रपद-आश्विनात जा आणि शनिवार-रविवार टाळा. आधी नोंदणी करा, गाडी तळावरच सोडा आणि राजमार्ग चालत जा. चिखल लागला तरी वाट सोडून कडेच्या फुलांतून जाऊ नका. कारण वाटेवर पडलेलं तुमचं पाऊल पठाराला चालतं, वाटेबाहेरचं चालत नाही. बरोबर मुलं असतील तर त्यांना गुडघ्यावर बसून एक सीतेचं आसू जवळून पाहू द्या, तोडू मात्र देऊ नका. तुमच्या भागात जवळ कुठे माळ किंवा घाटमाथा असेल, तर पहिल्या मोठ्या पावसानंतर तिथल्या खडकाच्या खळग्यांतही वाकून बघा. आणि त्या माथ्यावर खाणीचा किंवा प्लॉटिंगचा प्रस्ताव ग्रामसभेत आला, तर सही करण्याआधी एवढंच विचारा, की तिथलं पाणी कुठे जातं.